वाचलेला वेळ कोणाचा? कीड सर्वेक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि शेतीतील मानवी श्रम

कपाशीच्या शेतात सकाळी कामगंध सापळ्याची पिशवी सोडून त्यातील पतंग एकेक करून मोजणे हे कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारे अगदी पहिले काम. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात मीही अनेक हंगाम हेच काम केले. दवाने कपडे भिजत, पतंगांच्या पंखांवरील खवले बोटांना चिकटत, आणि आकडा वहीत उतरविल्याखेरीज पुढच्या सापळ्याकडे जाता येत नसे. आज तोच आकडा सापळ्यावर बसविलेला कॅमेरा रात्रीतूनच मोबाईलवर पाठवितो.

अलीकडे एका प्रशिक्षण वर्गात हे तंत्र समजावून सांगत असताना मागच्या रांगेतील एका शेतकऱ्याने विचारले, “पतंग यंत्र मोजणार, फवारणी ड्रोन करणार, सल्ला मोबाईल देणार, मग आम्ही काय करायचं, मॅडम?” वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

हा प्रश्न जुनाच आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० मध्ये एका निबंधात असा अंदाज वर्तविला होता की, शंभर वर्षांनंतरच्या पिढीला आठवड्यातून १५ तास काम पुरेल आणि उरलेल्या वेळेचे काय करावे हीच तिची खरी अडचण असेल. ते वर्ष आता जवळ आले आहे. उत्पादन वाढले, यंत्रे आली. परंतु १५ तासांचा आठवडा ना कारखान्यात आला, ना शेतात. यंत्र श्रम वाचविते हे खरे असले तरी वाचलेला वेळ आपोआप विश्रांतीत किंवा ज्ञानात रूपांतरित होत नाही. तो कोणाला मिळावा आणि कोठे लागावा हे माणसांनाच ठरवावे लागते. कपाशीतील कीड सर्वेक्षण, फवारणी, निंदणी आणि वेचणी या चार कामांच्या आधारे हा मुद्दा प्रस्तुत लेखात मांडला आहे.

सर्वेक्षकाचा दिवस

२००८ च्या खरीप हंगामात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्या अनुभवानंतर २००९-१० पासून महाराष्ट्रात पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच सर्वांच्या परिचयाचा ‘क्रॉपसॅप’, सुरू झाला. गावोगावच्या निवडक शेतांतून नियमित निरीक्षणे घ्यावयाची, ती संगणकावर नोंदवावयाची आणि कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीजवळ येताच सल्ला द्यावयाचा, अशी ही रचना. तिचा कणा होता कीड सर्वेक्षक.

कपाशीच्या एका शेतात सर्वेक्षक यादृच्छिक २० झाडे निवडतो. प्रत्येक झाडाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातील एकेक पान उलटून मावा, तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी यांची संख्या मोजतो. पुढे फुलोऱ्यात डोमकळ्या शोधतो, बोंडे लागल्यावर हिरवी बोंडे फोडून पाहतो, आणि कामगंध सापळ्यांतील पतंग मोजतो. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते साधे नाही. पान उलटताना त्याला ढालकिडा दिसतो, क्रायसोपाची देठावर उभी असलेली अंडी दिसतात, शेजारच्या तासात पाने कडेने लाल होऊ लागल्याचे जाणवते. नोंदवहीत यांतील काही गोष्टींसाठी रकानाही नसतो. तरीही सल्ला देताना त्याच उपयोगी पडतात.

यंत्र नेमके काय करते?

भाकृअनुप-केंद्रीय कापूस संशोधन संस्था, नागपूर यांनी गुलाबी बोंडअळीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित स्मार्ट कामगंध सापळा विकसित केला असून पंजाबच्या कापूस पट्ट्यातही तो शेतावर बसविण्यात आला आहे. वाधवानी एआय या संस्थेचे ‘कॉटनएस’ हे ॲप शेतकऱ्याने काढलेल्या छायाचित्रातील बोंडअळीचे पतंग मोजून सल्ला देते. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली सुरू केली. ६० हून अधिक पिके व ४०० हून अधिक किडी तिच्या कक्षेत आहेत. या सर्वांमागील तत्त्व एकच आहे.

सापळ्यातील ल्यूरमध्ये मादी पतंगाच्या गंधासारखे रसायन असते. त्याकडे आकर्षित होऊन नर पतंग सापळ्यात अडकतो. कॅमेरा ठरावीक अंतराने छायाचित्र घेतो. संगणकीय प्रारूप त्या चित्राची आधी शिकलेल्या हजारो चित्रांशी तुलना करून ‘हा गुलाबी बोंडअळीचा पतंग’ किंवा ‘हा अन्य कीटक’ असे ठरविते आणि बेरीज पाठविते. येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. ज्या चित्रांवरून प्रारूप शिकले, त्या प्रत्येक चित्रावर आधी कोणीतरी माणसाने बसून नाव लिहिलेले असते. यंत्राचे ज्ञान म्हणजे सर्वेक्षकांनी व कीटकशास्त्रज्ञांनी पूर्वी केलेल्या कामाची साठवण होय.

यंत्र दोन प्रकारे चुकू शकते: असलेला पतंग सुटतो, किंवा दुसराच कीटक पतंग म्हणून मोजला जातो. शिफारशीनुसार सलग ३ रात्री प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग आढळल्यास उपाययोजना करावयाची असते. आता समजा, एका रात्री सापळ्यात बोंडअळीचे खरे पतंग ४ आहेत आणि इतर लहान कीटक ४०. यंत्राने इतर कीटकांपैकी दहात एक चुकून पतंग म्हणून मोजला, तर मोबाईलवर आकडा दिसेल ८. दहात नऊ वेळा बरोबर असलेले यंत्रही अशा स्थितीत शेतकऱ्याला अनावश्यक फवारणीकडे नेऊ शकते. त्यामुळे ‘अचूकता ९० टक्के’ हा आकडा ऐकल्यावर विस्तार कार्यकर्त्याने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: चूक होते तेव्हा ती कोणत्या बाजूला होते?

शून्याचा अर्थ

काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रात्यक्षिकात घडलेला प्रसंग सांगणे येथे उचित ठरेल. विदर्भातील एका गावात बसविलेला कॅमेरायुक्त सापळा ऑक्टोबरच्या सुरुवातीला सलग अनेक रात्री शून्य पतंग दाखवीत होता. मोबाईलवर हिरवी खूण येत होती. शेतकरी निश्चिंत होता आणि खरे सांगायचे तर आम्हीही निश्चिंत होतो. सापळा असलेल्या शेतात बोंडे फोडण्याची आवश्यकता नाही, अशी सूचना आम्हीच सर्वेक्षकाला दिली होती. वेळ वाचविणे हाच प्रात्यक्षिकाचा हेतू होता.

त्या तरुण सर्वेक्षकाने सवयीने तरीही २० बोंडे फोडली आणि संध्याकाळी दूरध्वनी केला. “मॅडम, सापळा काही नाही म्हणतो, पण पाच बोंडांत अळी निघाली.” वीस बोंडांपैकी दोन म्हणजे १० टक्के, हीच आर्थिक नुकसानीची पातळी. येथे ती केव्हाच ओलांडली गेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेतावर गेलो. कॅमेरा उत्तम चालत होता. चित्रे स्वच्छ होती, त्यांत खरोखरच पतंग नव्हते. यंत्राची मोजणी बिनचूक होती. ऑगस्टमध्ये लावलेली ल्यूर मात्र कोणी बदललीच नव्हती. तिचा गंध संपला होता. आधी पतंग मोजायला येणारा माणूस त्याच फेरीत ल्यूरही पाहत असे. मोजणीची फेरी आम्ही रद्द केली आणि तिच्यासोबत ही पाहणीही नकळत रद्द झाली. चूक यंत्राची नव्हती, आमच्या नियोजनाची होती.

ल्यूर ताजी असती तरी पूर्ण भरवसा ठेवणे योग्य ठरले नसते. सापळ्यात फक्त नर येतात. हंगामाच्या उत्तरार्धात शेतात माद्यांची संख्या वाढते, तेव्हा कृत्रिम गंधाला त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते आणि प्रादुर्भाव वाढत असतानाही सापळ्यातील आकडा घटू शकतो. शिवाय गुलाबी बोंडअळी कोवळ्या बोंडात शिरल्यानंतर तिचे प्रवेशछिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड निरोगी दिसते. ते फोडून पाहिल्याखेरीज आतली स्थिती ना डोळ्याला कळते, ना कॅमेऱ्याला.

यंत्राने कधीच न पाहिलेली कीड

मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात मक्याच्या पोंग्यात एक अनोळखी अळी आढळली. तेथील कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी ती अमेरिकन लष्करी अळी असल्याचे निश्चित केले. ही कीड तोपर्यंत भारतात नोंदलेली नव्हती. डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी खूण आणि शेवटून दुसऱ्या उदरखंडावरील चौकोनात मांडल्यासारखे चार ठिपके ही तिची ओळख आज प्रत्येक कृषी सहाय्यकाला ठाऊक आहे. काही महिन्यांतच ती महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरली.

त्या दिवशी ओळखीचे काम केवळ त्या काळच्या भारतीय किडींवर शिकलेल्या प्रारूपाकडे असते तर काय झाले असते? प्रारूपाला शिकविलेल्या नावांपैकीच एखादे नाव निवडावे लागते. त्याने त्या अळीला बहुधा आपल्याकडील एखाद्या लष्करी अळीचे किंवा घाटे अळीचे नाव दिले असते आणि सल्लाही त्याच किडीचा गेला असता. ‘ही अळी मी आजवर पाहिलेली नाही’ असे म्हणण्यासाठी आधी पुष्कळ अळ्या स्वतः पाहिलेल्या असाव्या लागतात. शेतात जाण्याची सवय मोडली, तर पुढील पिढीत असे म्हणू शकणारी माणसेच कमी होतील, ही माझ्या दृष्टीने यांत्रिक चुकीपेक्षा मोठी चिंता आहे.

जे काम जावे, ते काम

याचा अर्थ प्रत्येक मानवी काम टिकवून धरावे असा नाही. काही कामे माणसाच्या हातून जितक्या लवकर जातील तितके बरे. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, अंगावर येणारा फवारा, संरक्षक साधनांचा अभाव आणि पंपामागे मिळणारी मजुरी, ही त्या कामाची परिस्थिती होती. पंपांच्या संख्येवर मजुरी ठरते तेव्हा विश्रांती घेणारा मजूर त्या दिवशी कमी कमावतो. अशा कामातून सुटका करणारे यंत्र स्वागतार्हच आहे.

फवारणीचे ड्रोन साधारणपणे १० लिटर द्रावणात एक एकर क्षेत्र सात ते दहा मिनिटांत पूर्ण करते. पाठीवरील पंपाने त्याच क्षेत्राला २०० लिटरपर्यंत पाणी लागते आणि एका मजुराचा जवळजवळ संपूर्ण दिवस जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. गटातील एका महिलेस चालकाचे आणि दुसऱ्या सदस्यास साहाय्यकाचे प्रशिक्षण देण्याची त्यात तरतूद आहे. विषारी काम गेले आणि कौशल्याचे काम आले, असे हे उदाहरण आहे.

परंतु धोका पूर्णपणे नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. एकरी मात्रा तीच ठेवून पाणी २०० लिटरऐवजी १० लिटर वापरले, तर द्रावण २० पट तीव्र होते. हे द्रावण तयार करून टाकी भरणारी व्यक्ती, म्हणजे बहुतेक वेळा ड्रोनची साहाय्यक, आता सर्वाधिक जोखमीत असते. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व एप्रन यांची गरज शेतातून बांधावर आली आहे, संपलेली नाही. शिवाय फवारणी सोपी झाली की ती गरजेपेक्षा अधिक वेळा होण्याचा मोह वाढतो. दहा मिनिटांत होणारी फवारणी टाळण्यासाठी बोंडे फोडण्यात अर्धा तास कोण घालवील? मित्रकीटकांच्या दृष्टीने हा प्रश्न गंभीर आहे.

जे काम जाताना मजुरी घेऊन जाते

निंदणी आणि वेचणी ही दोन कामे वेगळ्या प्रकारची आहेत. ती कष्टाची आहेत, कंबर मोडणारी आहेत. पण भूमिहीन कुटुंबातील महिलेच्या हाती वर्षातून जी काही रोकड येते, तिचा मोठा भाग या कामांतूनच येतो. तणनाशकांमुळे निंदणीचे दिवस अनेक ठिकाणी घटले आहेत. अमेरिकेत कॅमेऱ्याने तण ओळखून नेमके तेवढ्यावरच औषध सोडणारी यंत्रे मोठ्या शेतांवर चालू लागली आहेत. आपल्याकडे कापसाची वेचणी आजही जवळजवळ संपूर्णपणे हातानेच होते. मात्र सघन लागवड, एकाच वेळी पक्व होणारी वाणे आणि वेचणी यंत्रे यांवर संशोधन सुरू आहे.

वेचणीचे यंत्र आल्यावर काय घडते, याचा दाखला इतिहासात आहे. १९४४ मध्ये अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेलजवळील हॉप्सन मळ्यावर लागवडीपासून वेचणीपर्यंत यंत्रानेच केलेले कापसाचे पीक घेण्यात आले. त्या काळी एक यंत्र सुमारे ५० वेचणाऱ्यांचे काम करीत असे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या देशातील जवळजवळ सर्व कापूस यंत्राने वेचला जाऊ लागला. दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळात उत्तरेकडील शहरांत गेली. त्या स्थलांतराची कारणे अनेक होती, परंतु मळ्यावर काम न उरणे हे त्यांतील एक होते. ज्यांचे काम गेले त्यांना यंत्राने मोकळा वेळ दिला, पण त्या मोकळ्या वेळेची मजुरी दिली नाही. बेकारी आणि विसावा यांतील फरक हाच.

निंदणाऱ्या महिलेबाबत कीटकशास्त्रज्ञ म्हणून आणखी एक बाब नोंदविणे मला आवश्यक वाटते. पिकाच्या सर्वांत जवळ वाकून काम करणारी व्यक्ती तीच असते. “बाई, या तासात पानं आकसली बघा,” असे मला पहिल्यांदा सांगणाऱ्या अनेकदा निंदणाऱ्या मावशीच होत्या. पाने उलटली की खाली तुडतुड्यांची पिल्ले तिरकी पळताना दिसत. या निरीक्षणाचे त्यांना कधी कोणी पैसे दिले नाहीत. निंदणी तणनाशकाकडे गेली तेव्हा शेतातून केवळ मजूर कमी झाले असे नाही, तर पिकावर असलेली नजरही कमी झाली. त्या नजरेची भरपाई आता कॅमेरा विकत घेऊन करावी लागत आहे.

वेळ वाचतो, विसावा मिळतो का?

आपल्या कृषिसंस्कृतीने विसावा नशिबावर सोडलेला नव्हता, तो ठरवून दिलेला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते आणि पोळ्याला त्याच्या खांद्यावर जू ठेवले जात नाही. सालगड्याचे साल पाडव्याला ठरते आणि पाडव्यालाच संपते. पेरणी आटोपल्यावर वारीला निघणारा शेतकरी कोणाची रजा मागत नाही. काम कोठे थांबते हे सर्वांना ठाऊक असे.

मोबाईलवरील यंत्रणेला अशी सीमा नाही. गुलाबी बोंडअळीचे पतंग रात्री सक्रिय असतात, त्यामुळे स्मार्ट सापळ्याच्या सूचनाही रात्रीच येतात. रात्री दोन वाजता आलेल्या सूचनेने जागा झालेला शेतकरी मी पाहिला आहे. वास्तविक या सूचनेचा त्या क्षणी काहीही उपयोग नसतो. शिफारसच सलग ३ रात्रींच्या नोंदीवर आधारलेली आहे. सकाळी सात वाजता एकदा आकडा मिळाला तरी निर्णय तोच होतो. कृषी सहाय्यकांची स्थितीही निराळी नाही. मोजणीचे तास वाचले, पण छायाचित्रे स्थाननोंदीसह चढविणे, वेगवेगळ्या ॲपमध्ये तीच माहिती पुन्हा भरणे आणि गटावरील संदेशांना उत्तरे देणे यांत संध्याकाळ जाते.

घरातील वाटणीही पाहिली पाहिजे. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकामात सहभागी स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे देतात. शेतातील यंत्राने स्त्रीचे दोन तास वाचविले, तर ते विश्रांतीत जातील असे गृहीत धरता येत नाही. बहुधा ते पाणी, सरपण, स्वयंपाक आणि जनावरे यांत विरून जातात.

वाचलेला वेळ कोठे लावावा?

हिशेब करून पाहू. समजा एका सर्वेक्षकाकडे २० सापळे आहेत आणि चालण्यासह प्रत्येकी १२ मिनिटे लागतात, तर एका फेरीस ४ तास होतात. स्मार्ट सापळ्यांमुळे मोजणी वाचते. देखभालीसाठी एक तास राखून ठेवला तरी ३ तास हाती राहतात. एका शेतात २० बोंडे फोडण्यास चालण्यासह अर्धा तास धरला, तर याच वेळेत आणखी ६ शेतांतील बोंडे तपासली जाऊ शकतात. यंत्राचा खरा लाभ हाच आहे. विस्तार कार्यकर्ते व प्रगतिशील शेतकरी यांनी पुढील बाबी हंगामापूर्वीच ठरवाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

१. ल्यूरची तारीख सापळ्यावर लिहावी. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ती बदलावी. भिंग पुसणे, कोळ्याची जाळी काढणे व विद्युतघट तपासणे यांसाठी आठवड्यातून एक वेळ निश्चित असावी आणि जबाबदार व्यक्तीचे नावही ठरलेले असावे.

२. सापळा शून्य दाखवीत असला तरी बोंडे फोडावीत. फुलोऱ्यापासून डोमकळ्या पाहाव्यात आणि बोंडे लागल्यानंतर दर आठवड्यास एकरी २० हिरवी बोंडे तपासावीत. सापळा आणि बोंड यांत विसंगती आढळल्यास बोंडावर विश्वास ठेवावा.

३. अनोळखी कीटकाचा नमुना जपावा. ॲपने दिलेले नाव पटत नसल्यास छायाचित्रावर न थांबता नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात पोहोचवावा.

४. सूचनांची वेळ बांधून घ्यावी. आकडा दिवसातून एकदा, सकाळी यावा, अशी मागणी यंत्र पुरविणाऱ्यांकडे गटाने करावी.

५. यंत्र येण्यापूर्वी त्या कामावर कोण होते, याची नोंद करावी. ड्रोन, निंदणी यंत्र वा स्मार्ट सापळ्यांची देखभाल यांच्या प्रशिक्षणात त्याच व्यक्तींना, विशेषतः निंदणी करणाऱ्या महिलांच्या गटांना, पहिले स्थान द्यावे. पिकाशी त्यांची ओळख आधीपासूनच असते, फक्त यंत्राची ओळख करून द्यावी लागते.

६. उरलेला वेळ सामूहिक कामांना द्यावा. फरदड न घेणे, हंगाम वेळेवर संपविणे, पऱ्हाटीची विल्हेवाट लावणे आणि जिनिंग परिसरात सापळे लावणे ही कामे गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र तोडतात. ही कामे शेजाऱ्याची समजूत घातल्याशिवाय होत नाहीत आणि समजूत घालणारे यंत्र अद्याप निघालेले नाही.

समारोप

स्वयंचलन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांमुळे शेतीतील कामे सरसकट जाणार नाहीत आणि सरसकट टिकणारही नाहीत. विषारी काम जावे, हीच इच्छा असावी. ज्या कामासोबत एखाद्या कुटुंबाची मजुरी जाते, तेथे पर्याय आधी उभा राहावा. ज्या कामात पिकाकडे पाहण्याची दृष्टी घडते, ते काम यंत्राच्या जोडीने चालू ठेवावे. एवढे करूनही वेळ उरला, तर तो विश्रांतीसाठी राखावा आणि त्याबद्दल कोणालाही संकोच वाटू नये.

प्रशिक्षण वर्गातील त्या शेतकऱ्याला मी त्या दिवशी समाधानकारक उत्तर देऊ शकले नव्हते. आज द्यायचे झाल्यास असे देईन: पतंग यंत्राला मोजू द्या, रात्री निवांत झोपा. आठवड्यातून एक सकाळ मात्र शेतासाठी ठेवा. घरातील मुलालाही आणि मुलीलाही सोबत न्या, त्यांच्या हाती वीस बोंडे द्या आणि ती फोडून आत काय दिसते ते त्यांनाच सांगू द्या.